फाटकाशी बंद पडणारी गाडी

गाडी सुरू मात्र झोकात व्हायची. समोरच्या घराच्या काचा थरथराव्यात असा आवाज करत ती गॅरेजातून बाहेर यायची, ऐटीत फाटकापर्यंत जायची, आणि माणसाच्या चालीपेक्षा जरा जास्त वेग घेतला रे घेतला की गपकन बंद पडायची. मग समोरच्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटायची: चावी काढा, थोडं थांबा.

“थांबा म्हणे! तुझ्या बापाचा नोकर आहे का मी?” लिफ्टमास्तर पडद्याला विचारायचे.

लिफ्टमास्तर हे नाव गल्लीने दिलेलं. उभी हयात त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती, आणि निवृत्त झाल्यावर ही गाडी घेतली होती. दोनच दारांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी, लालभडक, आणि पहिल्या मालकाने वापरून कंटाळून विकलेली. “बाबा, या वयात?” असं मुलीने विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, “याच वयात. आजवर नुसतं वर-खाली केलं, आता जरा पुढे जातो.” बोलणं थट्टेचं असलं तरी त्यामागे खरी भीती होती. ही गाडी गेली की लोक आपला हात धरून आपल्याला रस्ता ओलांडायला लावतील, असं त्यांना मनातून वाटत असे. आणि मुलीने तर सांगूनच ठेवलं होतं, की नीट होत नसेल तर विकून टाका.

गेल्या वर्षी गाडी खरोखरच बिघडली होती. स्टिअरिंगच्या दांड्यात एक खिट्टी असते. चावी काढली की छोटी मोटर ती खिट्टी आत ढकलते आणि चाक कुलूपबंद होतं. चावी लावली की खिट्टी बाहेर. खिट्टी बाहेर आल्याची खबर एका प्लगातून गाडीच्या कॉम्प्युटरला मिळते. ती मिळाली नाही, तर चाक मोकळं असलं तरी कॉम्प्युटर धरून चालतो की कुलूप लागलेलंच आहे, आणि गाडीने वेग घेताच पेट्रोल तोडतो. तेव्हा त्या प्लगात गंज निघाला होता. मेकॅनिकने तो साफ करून दिला होता.

मास्तर त्या युक्तीवर बेहद्द खूश झाले होते. लिफ्टचं तरी दुसरं काय असतं? दार नीट लागलं नाही तर लिफ्ट हलत नाही, आतला माणूस कितीही बोंबलू दे. पुढचा आठवडाभर त्यांनी काडेपेटी, चमचा आणि सुतळी घेऊन जेवणाच्या टेबलावर बायकोला सगळं समजावलं. प्लग कुठे असतो, कसा निघतो, जरासा सैल राहिला तर वरून कळतसुद्धा नाही, सगळं. घरात दुसरं शिकायला कोणी नव्हतं. बायको शेंगा सोलत “हं, हं” करत राहिली.

आणि आता पुन्हा तेच दुखणं. पण या वेळी मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. कारण मेकॅनिक आला की गाडी शहाण्यासारखी पळायची. तो चौकापर्यंत चक्कर मारून यायचा, हात पुसत म्हणायचा, “काका, काही नाही हो हिला.” तो गेला, मास्तरांनी दुसऱ्या दिवशी चावी फिरवली, की फाटकाशी ठप्प!

“हा लबाड काहीतरी करून जातो,” मास्तर जेवताना म्हणाले. “पुन्हा बोलावणं यावं म्हणून.”

“तो तर फेरीचे पैसेही घेत नाही,” बायको म्हणाली.

“तेच तर! का घेत नाही? कुठेतरी पाणी मुरतंय.”

बायकोने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला आणि विषय तिथेच राहिला.

पुढच्या खेपेस मास्तरांनी मेकॅनिकला तोंडावर विचारलं, “काय रे, माझ्या गाडीत तू नक्की काय करून ठेवतोस?” त्याचा चेहरा पडला. त्याने हत्यारांची पिशवी उचलली. “काका, तुमच्याकडून मी कधी काही लपवलं नाही. दुसरा कोणी बघा,” म्हणाला आणि निघून गेला. बायको फाटकापर्यंत त्याच्या मागे गेली, हलक्या आवाजात काहीतरी बोलली. मास्तरांना ते दिसलं, पण बायको नेहमीच सगळ्यांची समजूत काढत फिरते, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

मेकॅनिक येईनासा झाला तरी दुखणं राहिलंच. मग संशयाची सुई जावयाकडे वळली. जावई रविवारी यायचा, आल्या आल्या गाडीच्या टपावरून हात फिरवायचा. एकदा म्हणाला होता, “बाबा, कधी काढायची झालीच तर आधी मला सांगा.” तेव्हा ते बोलणं लाघवी वाटलं होतं. आता आठवलं की मास्तरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या रविवारी त्यांनी जावयावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला. तो हात धुवायला उठला तरी हे मागे. बिचाऱ्याने शेवटी विचारलं, “बाबा, तुम्हाला काही हवंय का?”

“मला काही नको. तुम्हाला काय हवंय ते बघतोय,” मास्तर म्हणाले. मुलीने आईकडे पाहिलं, आईने ताटाकडे.

आता पुरावाच हवा. लिफ्टच्या कामात एक रीत होती. जोड पक्का केला की नट आणि पट्टी दोन्हींवरून रंगाची एक रेघ ओढायची. मागाहून कोणी हात लावला तर रेघ तुटते, आणि तुटलेली रेघ बघून कळतं की आपल्यामागे कोणीतरी येऊन गेलं. संध्याकाळी बायको दुकानात गेलेली पाहून मास्तरांनी तिची लाल नेलपॉलिशची बाटली उचलली. स्टिअरिंगखाली मान घालून, एका हातात आरसा, तोंडात टॉर्च धरून, त्यांनी प्लग नीट दाबून बसवला आणि त्याच्यावरून खोबणीपर्यंत रेघ ओढली. ती वेडीवाकडी आली, मधे दोनदा थरथरली. अवघड जागा आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. बाटली जागच्या जागी ठेवली. कुणाला अवाक्षर बोलले नाहीत.

सकाळी गाडी फाटकाशी बंद पडली.

मास्तरांना राग यायच्याऐवजी आनंदच झाला. चोर सापडला! आता फक्त तुटलेली रेघ डोळ्यांनी बघायची होती. पण जवळचा चष्मा घरात राहिला होता. ते आत गेले. चष्मा टेबलावर नव्हता, कपाटावर नव्हता, शेवटी न्हाणीघरातल्या आरशापाशी मिळाला. तेवढ्यात बायको “गाडीचं दार उघडंच टाकलंत हो” म्हणत बाहेर जाऊन आली.

त्यांनी पुन्हा स्टिअरिंगखाली मान घातली. आरसा धरला, टॉर्च लावला.

रेघ शाबूत होती. प्लगपासून खोबणीपर्यंत, अखंड.

क्षणभर ते गोंधळले. मग त्यांना दिसलं, की आपली वाकडी रेघ पुसून टाकलेली आहे आणि ही रेघ सरळ आहे. अगदी पट्टी लावून मारल्यासारखी. त्यांनी बोट टेकवलं. बोट लाल झालं.

मास्तर तसेच आडवे पडून राहिले. जावई नव्हता, मेकॅनिक नव्हता. घरात अशी रेघ मारणारा हात एकच होता. तिची सगळी नोकरी नकाशांच्या कचेरीत झाली होती, नद्या आणि रस्त्यांच्या रेघा मारण्यात.

बायको स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. मास्तरांनी लाल बोट पुढे केलं. ती गॅस बंद करून खुर्चीवर बसली.

“तू?” मास्तर म्हणाले. “आणि माझ्याकडूनच शिकून? मी त्या पोराला चोर ठरवला, जावयाच्या मागे कुत्र्यासारखा लागलो, आणि तू मूग गिळून बसलीस?”

“तो यायचा तेव्हा प्लग मीच दाबून ठेवायची, गेला की सैल करायची. पण त्या पोराला मी सगळं सांगितलंय. फाटकाशी. पुढच्या महिन्यात येईल तो, रागावलेला नाहीये.”

“का? मुलीने शिकवलं? गाडी विकायला लावायची म्हणून?”

“तिला काहीच माहीत नाही.” बायकोने पदराने हात पुसले, कोरडे होते तरी. “आपण तुमचा नवा चष्मा आणायला गेलो होतो, आठवतंय?”

“आठवतंय ना. न आठवायला काय झालं?”

“येताना, शाळेच्या अलीकडच्या सिग्नलला, लाल दिवा होता.”

“मग? थांबलो असेन.”

“थांबला नाहीत. एक बाई बाबागाडी घेऊन मधोमध आली होती. तिने बाबागाडी मागे खेचली, इतक्या जोरात की तीच खाली पडली. मी मागे वळून बघितलं. ती रस्त्यात बसून बाळाला चाचपत होती. लागलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन मी तिथल्या दुकानात विचारून आले.” “आणि तुम्ही मला त्या दवाखान्याच्या लिफ्टची गोष्ट सांगत होता. एक शब्दही अडला नाही तुमचा. चुकून घाबरला असतात तर मी भांडले असते हो. पण तुम्हाला दिसलंच नव्हतं. ते मी तुम्हाला कसं सांगायचं?”

मास्तरांनी खोटं ठरवायला तोंड उघडलं. पण ही बाई खोटं बोलत नाही, हे त्यांना संसारभर माहीत होतं. त्यांनी गाडीची चावी काढून टेबलावर ठेवली, तिच्या बाजूला सरकवली. मग फोन घेऊन मेकॅनिकला म्हणाले, “पुढच्या महिन्यात नको, आजच ये. गाडी घेऊन जा. तूच चालवत ने. आणि तुला बोललो ते चुकलं माझं.” एवढं बोलून फोन ठेवला.

बायकोने त्यांच्या बोटावरचा रंग पुसायला कापूस आणला.

“कशी होती ती बाई?” मास्तरांनी विचारलं.

“तरुण होती. पिवळा कुडता. केस मोकळे.”

मास्तरांनी डोळे मिटले. त्यांना चष्म्याचं दुकान आठवलं, तिथला जिना आठवला, शाळेची भिंत आठवली. लिफ्टच्या गोष्टीत आपण कुठे हसलो तेसुद्धा आठवलं.

“पुन्हा सांग,” ते म्हणाले.

तिने पुन्हा सांगितलं. पिवळा कुडता, मोकळे केस, निळी बाबागाडी. ते डोळे मिटून ऐकत राहिले, पण त्या रस्त्यात त्यांना कोणीच दिसेना.