अख्खं भाषण

विजयसिंहदादा बोलायला उभे राहिले, की वासिफ मोबाइल स्टँडला अडकवायचा आणि निवांत चहाला जायचा. दादांची भाषणं त्याला तोंडपाठ होती. परवा केजच्या मंगल कार्यालयात चहा यायलाच उशीर झाला, तो जागेवर बसून राहिला, आणि तिथून सगळं बिघडलं.

"मत कशात असतं?" दादांनी माईकला विचारलं. "मत रक्तात असतं! आपली अत्तार गल्ली बघा. रस्ते दिले, नळ दिले. एकबी मत न्हाई! त्यांच्या रक्तातच न्हाई ते!"

टाळ्या पडल्या. वासिफ त्याच गल्लीतला. त्याची कानशिलं तापली, पण हात थांबले नाहीत. तेवढा तुकडा कापून त्यानं 'केज चावडी' या आपल्या चॅनलवर टाकला. चॅनल म्हणजे वासिफ, त्याचा मोबाइल आणि माईकला लावलेला लाल डबा.

तालुक्यातल्या पत्रकारितेची एक रीत आहे. सभेला एकानं जायचं, बाकीच्यांनी ग्रुपवरून त्याची क्लिप उचलायची आणि आपापला शिक्का मारायचा. संध्याकाळपर्यंत इतके शिक्के बसले, की दादांचं अर्धं तोंड झाकून गेलं. मग क्लिप मुंबईला पोचली. तिथं चार चौकटींत चार विद्वान भांडले. केज कुठं आहे हे त्यातल्या एकालाही सांगता आलं नसतं. खाली पट्टी पळत होती, 'केजमध्ये तणाव', आणि वर बस स्टँडसमोर लोक भजी खाताना दिसत होते. दुसऱ्या दिवशी टीव्हीवाली एक बाई गाडी घेऊन गल्लीत आली, माणसं गोळा केली आणि म्हणाली, "जरा संतापून बोला." माणसं बिचारी संतापली. मग उजेड कमी पडला म्हणून पुन्हा एकदा संतापावं लागलं, तेव्हा मात्र कुणाला हसू आवरेना.

दादांना हसू येत नव्हतं. त्यांचा उजवा हात पप्पू दुपारीच वासिफकडे येऊन धडकला.

"बे वासिफ, दादांच्या भाषनाची मोडतोड केली तू. उद्या बंगल्यावर पत्रकार परिषद हाय. तिथं सगळ्यांम्होरं माफी मागायची. न्हाईतर गावभर सांगतो, पोरगं खोट्या क्लिपा जोडतंय म्हनून."

वासिफकडे इमान सोडून भांडवल दुसरं नव्हतं. खोट्या क्लिपा जोडणारा म्हणून नाव झालं, तर त्याला बारशाच्या शूटिंगलाही कुणी बोलावलं नसतं.

"मोडतोड न्हाई केली, पप्पूशेठ. फकस्त पुढचं कापलं."

"तेच तर! संदर्भ कावून कापला? अख्खं भाषन दाखव!"

"तुमी ऐकलंय का पुढचं?"

"मी पंगतीकडं गेलतो."

"मंग ऱ्हाऊ द्या. दादांच्याच भल्यासाठी कापलंय."

"आमचं भलं तू नको बघू! उद्या टीव्हीला जोडून अख्खं दाखवायचं म्हंजे दाखवायचं!"

पत्रकार आले की त्यांच्यापुढे धारूरची सीताफळं ठेवायची, ही दादांची पद्धत. तोंडात बिया असल्या की माणूस प्रश्न कमी विचारतो, असा त्यांचा अनुभव. ती सीताफळं नेहमी दस्तगीरभाईंच्या गाड्यावरून यायची. दस्तगीरभाई म्हणजे वासिफचे अब्बा. त्या दिवशीही ते पाटी घेऊन आले आणि भाषण ऐकायला भिंतीला टेकून उभे राहिले.

वासिफनं मोबाइल टीव्हीला जोडला. रक्ताचं वाक्य येऊन गेलं. दादांनी सगळ्यांकडे पाहिलं, आता संदर्भ येणार म्हणून. संदर्भ आला.

"आन् आपल्या जातीचे तरी काय लागून गेले? जेवायला आपल्या मांडवात, बटन भलत्याचंच! दुसऱ्याचं कशाला, माझी बायको मला मत देती का न्हाई, ह्याची मला खात्री न्हाई!"

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या प्रियदर्शनीवहिनी दारात थबकल्या आणि ट्रेसकट माघारी फिरल्या. चहा कुणालाच मिळाला नाही.

दादा घाम पुसत असताना दस्तगीरभाई पुढे आले. वासिफचा कॅमेरा चालूच होता.

"सायब, एक इचारू? आमच्या गल्लीतून एकबी मत न्हाई म्हंता. मंग माझं कुठं गेलं?"

"दस्तगीरभाई, तुमची गोष्ट येगळी."

"येगळी कशी? ह्याच्या टायमाला जाहेदा अडली, तवा तुमच्या वडलांनी जीप दिली. हा वासिफ त्या जीपमधीच जन्मला. तवापासून त्यांना दिलं, मंग तुमाला दिलं. आन् तुमी रक्त काढता?"

दादा काहीतरी 'विपर्यास' म्हणाले, पण तोंडात बी होती.

घरी आल्यावर मात्र दस्तगीरभाईंचं अवसान गळालं. दादांना आपल्यातलं कुणी मत देत नाही, ही गल्लीची मोठी फुशारकी, आणि इतकी वर्षं तेही त्यावर मान डोलवत आले होते.

"वासिफ, माझं तेवढं काप. लोक काय म्हंतील?"

वासिफ मोबाइल हातात धरून बसला. कापलं तर पप्पू म्हणत होता ते खरं ठरणार होतं. नाही कापलं तर अब्बांना गल्लीत मान खाली घालावी लागणार होती. अब्बांपुढे सत्याचा टेंभा मिरवायची त्याला मनापासून लाज वाटली. त्यानं कापायला बोट पुढे केलं.

चुलीपाशी बसलेली जाहेदा न वळताच म्हणाली, "काही कापू नको. मी बी त्यांनाच देत हुते. जीपमधी मी हुते, तुझे अब्बा न्हाई."

दस्तगीरभाई तिच्याकडे बघतच राहिले. अख्खी क्लिप गेली.

सकाळी गाड्यावर कधी नव्हे ती गर्दी झाली. एकेक जण यायचा, सीताफळ दाबून बघायचा आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणायचा, "भाई, मी बी." दुपारपर्यंत पाटी रिकामी झाली आणि गल्लीची फुशारकी संपली.

उन्हं कलल्यावर पप्पू आला. त्याचा आवाज बराच खाली आला होता.

"भाई, काय आयकतोय मी? गल्लीत आपली एवढी मतं हायेत?"

दस्तगीरभाईंनी फडक्यानं तराजू पुसला.

"हुती," ते म्हणाले.