सावळ्या राणीचा ळ

मी पुस्तक बोलतोय, आणि अगदी शुद्ध बोलतोय. माझ्यात एका सावळ्या राणीची अद्भुत कथा आहे. छपाईची चूक म्हणाल तर शोधूनही सापडायची नाही. याचा मला भारी तोरा होता.

एका घरानं मला विकत घेतलं आणि पहिल्याच वाचनात तो तोरा उतरला. त्या घरातल्या बाबांना ळ म्हणताच येत नसे. मांडीवर लेक, हातात मी, की सुरू, "बाल, डोले मिट. आली बघ सावली राणी!" मी आतल्या आत चरफडायचो. लेक मात्र डोळे मिटून हरखून जायची. ऐकता ऐकता अख्खी गोष्ट तिला तोंडपाठ झाली.

लेक मोठी होऊन चित्रकार झाली. बाबा गेले. मग तिनं माझी चित्रकादंबरी करायचं मनावर घेतलं. चौकटी आखल्या, फुगे काढले, त्यांत माझे संवाद बसवले. माझी लांबलचक वर्णनं तिनं बिनदिक्कत गाळली, तरी मी ब्र काढला नाही. पण राणी बघितली आणि कपाळाला हात लावला. म्हणजे लावला असता, हात असते तर. राणीला ना नाक होतं, ना डोळे. नुसती भिंतीवरून सरकणारी सावली. पोरीची नजर माझ्या पानावर असायची खरी, पण वाचत होती ती बाबांच्याच आवाजात.

मला लिहिणाऱ्या लेखिकाबाई आता बऱ्याच थकल्यात. त्या पानं बघायला आल्या.

"अगं, माझ्या राणीचा चेहरा कुठंय?"

"सावलीला कसला चेहरा, बाई?"

"सावली? सावळी आहे ती! माझ्या आईच्या रंगाची. रंगावरून जन्मभर टोमणे खाल्ले तिनं. म्हणून मी तिला राणी केलं."

चित्रकारानं माझं पान पुन्हा वाचलं आणि ती गोरीमोरी झाली. "चुकलंच माझं. नवीन काढते," म्हणाली. खोडरबर उचललं, पण हात काही चालेना.

"बाबांना ळ यायचा नाही हो. हिला पुसलं की त्यांचा आवाजच पुसल्यासारखं होईल."

माझा ळ पहिल्यांदाच मला जड झाला.

"राणी सावळीच हवी. त्यात मी कुणाचं ऐकायची नाही," बाई म्हणाल्या. मग बराच वेळ पानं चाळत राहिल्या. नदीच्या पानावर थांबल्या. राणीला पैलतीरी नेणारा नावाडी माझ्यात एक शब्द बोलत नाही. बाईंनी त्याच्या डोक्यावर फुगा काढला आणि लिहिलं, "या, सावली राणी. होडीत बसा, डोले मिटा."

चित्रकार हसली, आणि मग ढसाढसा रडली.

नवं पुस्तक आता माझ्या शेजारीच असतं. त्यातली राणी सावळी आहे, फार देखणी. पोरं मात्र नावाड्याच्या पानावर रेंगाळतात, त्याच्यासारखं बोलून खिदळतात. माझी शिवण उसवलीय, पानं पिवळी पडलीत. कधी मला उघडलंत, तर एवढं करा. नदीच्या पानावर, समासात, नावाड्याचं ते वाक्य पेन्सिलीनं लिहून ठेवा. आणि कृपा करून शुद्ध करू नका.