सतरा गाठींचा पडदा

सन दोन हजार एकोणीस. वैशाख महिना, अक्षय तृतीयेची सकाळ. त्या सकाळी वाटूर गावात मी पडदा झालो. त्याआधी मी पोतं होतो. सोयाबीन वाहिलं, सरकी वाहिली, पाठीला भोकं पडली. कष्ट करून फाटलो. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सलीम बाजारात बसून फाटकी पोती सांधायचा. त्यानं तीन पोती उसवली, दाभणानं एकमेकांना जोडली, वर काठी ओवायला जागा ठेवली. शेजारच्या कडूबासाठी हे काम होतं, म्हणून मजुरीचा विषय निघाला नाही.

कडूबाला फाल्गुनात अर्धांग झालं होतं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तो निजायचा ती खोली पश्चिमेची. वर पत्रे, भिंतीला काचेची मोठी खिडकी. डॉक्टरांनी बजावलं होतं की याला झळ लागू देऊ नका, एवढा उन्हाळा निघाला तर माणूस हाती लागेल. त्याच्या बायकोनं, साळूबाईनं, तेवढं एकच धरलं होतं. तिनं काचेला वर्तमानपत्र चिकटवलं, ते पिवळं पडून गळालं. लुगडं लावलं, त्यातून ऊन आत आलं. शेतातली हिरवी शेडनेट बांधली, तरी झळ थांबेना. मग सलीमनं मला आणलं आणि खिडकीच्या बाहेरून टांगलं.

तो म्हणाला, "भाभी, ऊन भाईरच रोका. अंदर आलं की ते घरचंच होतंय."

पण मी कोरडा असलो तर निम्म्या कामाचा. मला भिजवावं लागतं. त्या साली गावात आठवड्याला एक टँकर यायचा. माणसांना प्यायला पुरत नव्हतं, तिथं पडद्याला कुठून घालायचं?

सलीमची बायको नूरबी घरात गेली आणि भरलेली कळशी घेऊन आली. त्याच दिवशी तिचे रोजे सुरू झाले होते.

"मी दिवसभर पाणी पीत न्हाई," ती म्हणाली. "माझ्या वाट्याचं भाऊच्या पडद्याला घाल."

साळूबाईनं पाणी घेतलं. पण फुकट घेणारी ती बाई नव्हती. घरात आलेलं उसनं भांडं तिनं कधी रिकामं परत दिलं नव्हतं. तिला लिहिता येत नव्हतं. तिनं माझ्या कडेच्या सुतळीला एक गाठ मारली. एक कळशी, एक गाठ. दुसऱ्या दिवशी दुसरी.

मी ओला राहायचो. वारा माझ्यातून गार होऊन उघड्या खिडकीतून आत जायचा. कडूबा डाव्या हातानं खिडकीतून मला चाचपायचा. बोलता येत नव्हतं, पण दुपारी त्याला झोप लागायची. त्यापेक्षा जास्त मला काही नको होतं.

सतरा गाठी झाल्या. त्या संध्याकाळी कडूबाचा थोरला मुलगा रामप्रसाद वाळूजच्या कंपनीतून रजेवर आला. दुसऱ्या दिवशी बहिणीला, दैवशालाला, बघायला घनसावंगीहून पाहुणे येणार होते. त्यानं घराला चुना दिलेला पाहिला आणि मग मला पाहिलं.

"माय, दाराशी पोतं लटकून राह्यलंय. पाहुणे काय म्हणतील?"

त्यानं जालन्याहून जाड, तांबडा, अस्तर लावलेला पडदा आणला होता. दुकानदार म्हणाला होता की उन्हाचा किरणसुद्धा आत येणार नाही. ते खोटं नव्हतं. किरण आला नाही. पण खिडकी बंद करून तो पडदा काचेच्या आतून लावला होता. काच तापली, पडदा तापला आणि ती सगळी आग खोलीत राहिली. मला गुंडाळून गोठ्याच्या पत्र्यावर टाकलं होतं. त्या दिवशी नूरबी कळशी घेऊन आली, तेव्हा रामप्रसादनं तिला मागच्या दारातूनच परत पाठवलं.

आणखी एक गोष्ट झाली. घरात अर्धांगाचं माणूस आहे हे कळलं तर सोयरीक मोडेल, असं रामप्रसादला वाटलं. त्यानं कडूबाच्या खोलीचं दार बाहेरून लावून घेतलं. पाहुण्यांनी मुलीच्या वडिलांची चौकशी केली. ते परगावी गेलेत, असं त्यांना सांगितलं. कडूबाला वाचा नव्हती. कान होते.

पाहुणे बाराला आले, तीनला उठले. साळूबाई दोनदा त्या दारापर्यंत गेली. दोन्ही वेळा कोणीतरी पाणी मागितलं.

दार उघडलं तेव्हा कडूबाचं अंग तव्यासारखं होतं आणि घामाचा थेंब नव्हता. गाडी केली. जालन्याच्या रस्त्यातच तो गेला.

तिसऱ्या दिवशी घनसावंगीहून नवऱ्या मुलाची आत्या, गोजरबाई, भेटायला आली. तिला सगळं कळलं. ती म्हणाली, "आमचे मालक चार वर्षं जाग्यावर पडून व्हते, बाई. सांगितलं असतं तर मी ह्यांच्या उशाशी बसून च्या पेले असते."

सोयरीक मोडली नाही. मोडणारच नव्हती.

रामप्रसादनं तांबडा पडदा काढला. गोठ्यावरून मला आणलं आणि स्वतः बाहेरून टांगलं. आईनं फक्त विचारलं, "आता कोणासाठी?"

सहा उन्हाळे मी रिकाम्या खोलीवर कोरडा लटकलो. साळूबाईनं मला काढू दिलं नाही, गाठींना हात लावू दिला नाही. माझे धागे आता विरले आहेत. फार दिवस उरले नाहीत, म्हणून एकदाच सांगतो. ऊन खिडकीच्या बाहेर अडवा. आणि घरातलं माणूस आत लपवू नका.

यंदा नूरबी ओट्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिची खोलीही पश्चिमेची, वर पत्रेच. सलीमला आता सुईत दोरा ओवता येत नाही.

अक्षय तृतीयेला साळूबाईनं मला उतरवलं, झटकलं, विरलेल्या जागी ठिगळ लावलं आणि नूरबीच्या खिडकीला बाहेरून टांगलं. मग डोक्यावरची कळशी माझ्यावर रिती केली. आतून नूरबी म्हणाली की साळूबाई, या वयात कशाला ओझं वाहतेस. साळूबाईनं सुतळीची एक गाठ सोडली.

ती रोज आली. गाठी सहा वर्षांच्या, आवळून बसलेल्या. काही तिनं दातांनी सोडल्या.

सतराव्या दिवशी तिनं कळशी रिती केली आणि शेवटची गाठ सोडली.