सवयीचा हात

“इथली रोपं कुणी उपटली?” बाईंनी विचारलं, आणि शाळेच्या गच्चीवरची सगळी पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. तेलाचे डबे, दह्याचे कप, अर्ध्यात कापलेल्या बाटल्या आणि कुणाचा तरी जुना बूट, सगळे आपापल्या जागी होते. माती मात्र नुकती झाडल्यासारखी स्वच्छ.

झारी घेऊन टाकीपाशी उभ्या असलेल्या माळीआजोबांनी तिकडे बघायचं टाळलं. सुट्टीत रोपांना पाणी घालायचं त्यांनी आपण होऊन कबूल केलं होतं. नातीने वर्गात फुशारकीच मारली होती, माझ्या आजोबांच्या हाताखाली एक रोप मरत नाही म्हणून. तेही काही खोटं नव्हतं. एका कारखान्याची हिरवळ त्यांनी उभी हयात सांभाळली होती. सांभाळायची म्हणजे काय, तर मधे काही रानटी उगवलेलं दिसलं की साहेबांची गाडी यायच्या आत मुळासकट उपटायचं.

पोरांनी शाळेमागच्या उतारावरून वेचून आणलेलं बी नेमकं त्याच रानटी झाडांचं होतं. बाईंनी तसं बजावलंही होतं, आजोबांनी मानही डोलावली होती. पण आज, सुट्टी संपून पोरं यायच्या आधी, पाणी घालताना मन भलतीकडेच गेलं आणि हात आपलं काम करत राहिला. शेवटच्या डब्यापाशी ते भानावर आले, तोवर सगळी रोपं कचऱ्याच्या बादलीत पडली होती. तेव्हाच खाली जाऊन सांगायला हवं होतं. तेवढ्यात पोरं धडधडत जिना चढून आली आणि आजोबा झारी घेऊन टाकीकडे सरकले.

बाईंची नजर फिरत फिरत भिंगरी नावाच्या पोरीवर थांबली. वर्गात काही सांडलं, फुटलं, की ती आधी भिंगरीवरच थांबायची.

“मी नाही, बाई,” भिंगरी म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

आता मात्र आजोबांना राहवेना. “ती नाही. मी उपटली.”

“पण का?” कुणीतरी विचारलं.

आजोबा काही सांगायच्या आत नातच पुढे झाली. लाजेने तिचे कान लाल झाले होते.

“आजोबांना हल्ली नीट दिसत नाही,” ती घाईघाईने म्हणाली. “त्यांना कळलंच नसेल.”

घरात सुईत दोरा अजून आजोबाच ओवायचे, आणि सुई आणून द्यायची ती हीच नात. आता ती त्यांच्याकडे बघत नव्हती. आपल्यापायी पोरीला खोटं बोलावं लागलं, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगावं, तर चारचौघांत तीच खोटी ठरणार. त्यांनी मान खाली घातली.

बाई लगेच नरमल्या. उतारावर अजून बी आहे, पुन्हा पेरू म्हणाल्या. भिंगरीने डोळे पुसले, आजोबांच्या हातातली झारी काढून घेतली आणि त्यांचा हात धरून त्यांना जिन्याकडे नेलं.

“सावकाश हं, आजोबा. इथे पायरी आहे.”

पायरी समोर लख्ख दिसत होती, तिच्या कडेचा उडालेला टवकासुद्धा. आजोबांनी पाय पुढे केला आणि चाचपडत चाचपडत तिच्यावर ठेवला.