सात पिढ्यांची थाप

बिरदेव शिरवळहून आला की आधी तांब्याभर पाणी मागायचा, मग गावगप्पा, आणि मग कामाचं बोलायचा. त्या दिवशी मात्र तो चपला काढून थेट प्रियंकाच्या कामाच्या खोलीत शिरला आणि खिशातून एक जाड, गुळगुळीत कार्ड काढून तिच्यापुढं ठेवलं.

"ताई, हे वाचा जरा. मला इंग्रजी येत न्हाई, पर फोटो बघून काय तरी वंगाळ वाटलं."

फोटो प्रियंकाच्या वडलांचा होता. घराच्या पायरीवर बसलेले आप्पासाहेब, मांडीवर चामड्याचा तुकडा आणि हातात भोकं पाडायची आरी. तीही उलटी धरलेली, टोक स्वतःच्याच पोटाकडं. खाली इंग्रजीत मजकूर होता: तुमच्या सुरीचं म्यान ज्या घरात शिवलं गेलं, त्या घरात सात पिढ्या चामड्याचं काम चालत आलंय. शाळेची पायरी कधी न चढलेल्या या वृद्ध कारागिराच्या रक्तातच ही कला आहे, आणि आज त्याची मुलगी त्याच्या नजरेखाली ती पुढं नेते आहे.

प्रियंकानं ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तिची कानशिलं तापली.

"हे कुठं मिळालं?"

"पेट्यांत घालत्यात. सुरी, म्यान आन् हे. मागल्या महिन्यात अठरा पेट्या गेल्या, त्यांतबी हुतं म्हनं."

बिरदेव नाथाजीरावांच्या कारखान्यात सुऱ्यांना धार लावायचा. शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत नाथाजीरावांचं शेड होतं. तिथं शिकारीच्या सुऱ्या बनत, मागणी येईल तशा, एकेक वेगळी. आपल्याकडं शिकारीला बंदी, त्यामुळं गिऱ्हाईक सगळं परदेशातलं. बिरदेवाचं घर कवठे महांकाळच्या पलीकडल्या वाडीत. गावाकडं येताना तो कुलूपबंद पेटीतून सुऱ्या आणायचा. प्रियंका त्यांच्या मापानं म्यान शिवायची, चामडं ओलं करून सुरीवर दाबून बसवायची, सुकेपर्यंत तसंच ठेवायची. मग सुऱ्या परत जायच्या आणि रंग-तेलाचं काम मागं उरायचं. एका सुरीचं म्यान दुसरीला बसत नसे. पात्याच्या पोटाशी जरा फरक असला तरी सुरी एक तर अडकायची, नाहीतर खुळखुळायची.

फोटो कधी काढला ते तिला आठवलं. दिवाळीनंतर नाथाजीरावांची पुतणी प्रांजल कॅमेरा घेऊन आली होती. वेबसाइटचं काम ती बघायची. प्रियंकाचे फोटो झाले, तिच्या हातांचे झाले, आणि निघता निघता ती पायरीवर पेपर वाचत बसलेल्या आप्पांना म्हणाली होती, "सर, एक मिनिट ही आरी धरता का? उजेड फार छान पडलाय." पाहुणीचं मन मोडायचं नाही म्हणून आप्पांनी पेपर बाजूला ठेवला होता.

आणि शाळेची पायरी न चढलेला म्हणे! कुंडलच्या हायस्कुलात एकतीस वर्षं त्यांनी इंग्रजी शिकवलं होतं.

प्रियंकानं ही कला रक्तातून घेतली नव्हती. शिरवळलाच हातमोज्यांच्या कारखान्यात ती मशीनवर बसायची. तो बंद पडला तेव्हा सत्ताविसाव्या वर्षी ती गावी, कवठे महांकाळला आली, आणि स्टँडजवळ चपला शिवणाऱ्या ज्योतिबाकाकांपुढं जाऊन बसली. काकांनी तिला चामडं कापायची रापी धरायला शिकवली, दोन सुयांनी टाका कसा घालायचा ते दाखवलं. एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो, असा तो टाका. सुरीची धार टाक्यांना लागू नये म्हणून शिवणीच्या आत चामड्याची पट्टी घालायची, हे मात्र तिनं स्वतः चुकून चुकून शोधलं. पहिल्या वर्षाची म्यानं तिनं चुलीत घातली होती. डाव्या अंगठ्यात आरी आरपार गेल्याची खूण अजून होती. सहा वर्षं. ही सहा वर्षं एका कार्डानं पुसून टाकली होती, आणि वर जन्माची मोहोर मारली होती.

"आप्पांना दाखवू नका," बिरदेव म्हणाला. पण आप्पा दारात उभेच होते.

त्यांनी हात पुढं केला. कार्ड उजेडात धरून वाचलं, पाठीमागं काही आहे का बघितलं, पुन्हा वाचलं. मग शेजारच्या स्टुलावर बसले. 

"माझे वडील," ते सावकाश म्हणाले, "गावातली मेलेली जनावरं ओढायचे. छप्पन साली दीक्षा घेतली आणि दुसऱ्या वर्षी पाटलाचा बैल मेला तेव्हा म्हणाले, मी येणार नाही. आठ महिने विहीर बंद होती आम्हाला. आई दीड कोसावरून पाणी आणायची, माझ्या वेळी पोटुशी असताना. हे का केलं त्यांनी? पोरानं काय करायचं ते जन्मानं ठरू नये म्हणून. आणि ह्यानं मला परत तिथंच नेऊन बसवलं."

"आप्पा, मी उद्या जाते."

"आपण जाऊ." ते उठले. "आणि एक ध्यानात ठेव. काम हलकं नाही. तू ते निवडलंस तेव्हा मी आधी रागावलो, पण तुझं काम बघून गप्प बसलो. कामाचा राग नाही मला. खोट्याचा आहे."

सकाळच्या एसटीनं दोघं निघाली. चाळीस म्यानं दोन पिशव्यांत भरून प्रियंकानं मांडीवर घेतली होती. साताऱ्यात गाडी बदलली. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट आणि शाळेत घालायचे तो काळा कोट घातला होता. उकाड्यातही त्यांनी तो काढला नाही.

शेडमध्ये धारेच्या चाकाचा घरघराट चालू होता. टेबलावर चाळीस उघड्या पेट्या मांडून ठेवल्या होत्या. प्रत्येकीत सुरी, आणि सुरीशेजारी म्यानाची रिकामी जागा. कोपऱ्यात कार्डं खोचलेली.

"या या, सर!" नाथाजीराव हसत पुढं आले. "तुम्ही कशाला त्रास घेतलात? प्रियंका, आणलीस ना? उद्या माल उचलायचाय."

प्रियंकानं पिशव्या खाली ठेवल्या नाहीत. एका हातानं कार्ड पुढं केलं. "हे कार्ड कुणी लिहिलं?"

नाथाजीरावांनी तिच्या हाताकडं बघितलं. "अगं, ते प्रांजलनं केलंय. मस्त झालंय ना? गिऱ्हाईक अगदी खूश आहे. एकानं तर मेल केला, म्हणाला डोळ्यांत पाणी आलं."

"कशानं? माझ्या बापाला शाळा मिळाली नाही म्हणून?"

"हे बघ, वाईट काय लिहिलंय त्यात? कौतुकच आहे. लोक नुसती वस्तू घेत नाहीत गं, तिच्यामागची गोष्ट घेतात."

"मग तुमच्या पिढ्यांची गोष्ट लिहा! सुरी तुमची आहे. वेबसाइटवर तुमच्याबद्दल काय लिहिलंय? 'पुण्यात इंजिनिअरिंग शिकले, जर्मनीत राहून पोलादाचा अभ्यास केला.' तुम्ही शिकलात आणि मी जन्मले, होय?"

नाथाजीरावांचं हसू मावळलं. प्रांजल आतल्या केबिनमधून बाहेर येऊन दारातच थांबली.

"आणि सात पिढ्याच पाहिजे होत्या," प्रियंका थांबेना, "तर ज्योतिबाकाकांना विचारायचं होतं. त्यांच्या खरंच गेल्यात. त्यांनी मला शिकवलं. तुम्हाला दोनदा सांगितलंय मी त्यांचं नाव. ते कुठंय? स्टँडवरचा माणूस फोटोत बरा दिसत नाही का?"

"कार्ड तुला दिलं कुणी?" नाथाजीरावांनी एकदम आवाज चढवला. "कारखान्यातली वस्तू बाहेर जातेच कशी?"

चाकाचा आवाज थांबला. बिरदेव हात पुसत उभा राहिला.

"म्या दिलं, सायेब."

"तू?"

"व्हय. सरांनी माझ्या धाकट्या भावाला कुंडलला ठिवून घेऊन धावीपातुर शिकवलं. त्यांस्नी अडानी म्हनल्यालं मला बघवना. काडून टाकायचं तर टाका."

नाथाजीरावांनी त्याच्यावरची नजर काढून घेतली. सुरीच्या पात्यावर तशी धार चढवणारा दुसरा माणूस त्यांच्याकडं नव्हता.

"ठीक आहे," ते जरा नमतं घेत म्हणाले, "पुढच्या वेळी कार्ड बदलू. पाचशे छापून आणलीत, ही एवढी जाऊ देत."

"एकही जाणार नाही," प्रियंका म्हणाली. "ह्या पेट्यांतली कार्डं माझ्या डोळ्यांदेखत निघतील, फोटो वेबसाइटवरून निघेल, तेव्हा म्यानं पेटीत जातील. नाहीतर ही मी घेऊन निघाले. बसवा दुसऱ्या कुणाची बसतात का."

"ही दादागिरी झाली."

"झाली तर झाली."

इतका वेळ आप्पा हात मागं बांधून उभे होते. ते टेबलाजवळ गेले, एक पेटी जवळ ओढली आणि कार्ड काढून कोटाच्या खिशात ठेवलं. मग शांतपणं म्हणाले, "अठरा पेट्या गेल्यात त्यांचं काय?"

"त्या गेल्या, सर. आता काय करणार?"

"मी त्या अठरा जणांना पत्र लिहितो. तुम्ही ते पाठवायचं."

"सर, गिऱ्हाइकाला असं कळवलं तर माझी अब्रू काय राहील?"

"आणि माझी?" आप्पांचा आवाज पहिल्यांदाच फुटला. शेडच्या पत्र्यावर तो घुमला. "माझी नव्हती होय? माझ्या बापाची नव्हती?"

मग प्रांजल पुढं आली. मान वर न करता ती एकेक कार्ड काढू लागली. "काका, मी लिहिलंय ते," ती म्हणाली. "सरांना विचारलंसुद्धा नाही मी. पायरीवर पेपर वाचत बसले होते, तेवढंसुद्धा बघितलं नाही. पत्र मी पाठवते." आप्पांकडं वळून तिनं माफी मागितली. आप्पांनी मान हलवली, पण 'असू दे' म्हणाले नाहीत.

नाथाजीराव केबिनमध्ये जाऊन बसले. जाताना एवढंच म्हणाले, "हे शेवटचं काम, प्रियंका."

"मलाही तसंच वाटतं," ती म्हणाली.

तिथंच एका खोक्यावर बसून आप्पांनी इंग्रजीत पत्र लिहिलं. लहान होतं. 'फोटोतला माणूस मी आहे. मी चर्मकार नाही, निवृत्त इंग्रजी शिक्षक आहे. माझ्या हातातली आरी मी उलटी धरली आहे, कारण मला ती धरता येत नाही. तुमचं म्यान माझ्या मुलीनं शिवलं. तिनं हे काम कवठे महांकाळच्या ज्योतिबा नावाच्या माणसाकडून आणि स्वतःच्या चुकांतून शिकून घेतलं. ज्यांच्या घरात हे काम पिढ्यानपिढ्या चाललं, त्यांचा मला आदर आहे. पण त्यांचं नाव माझ्या चेहऱ्याला चिकटवून विकलेलं मला चालणार नाही.' प्रांजलनं आधी वेबसाइटवरचा फोटो उतरवला, मग पत्राचा फोटो घेऊन तो अठराही पत्त्यांवर मेल केला, आणि प्रत्येक वेळी 'गेला' म्हणून स्क्रीन आप्पांना दाखवली. मगच प्रियंकानं पिशव्या उघडल्या. चाळीस म्यानं तिनं स्वतः त्या त्या सुरीवर चढवली.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी रडली. रागानंच रडली. नाथाजीरावांना त्यांनी काय केलं हे शेवटपर्यंत कळलं नव्हतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. आप्पा शेजारी कोट घालून ताठ बसले होते.

पुढचे चार महिने हाताला काम नव्हतं असंच म्हणायचं. पट्टे शिवले, कुत्र्यांचे गळपट्टे शिवले. नाथाजीरावांनी म्यानं बाहेरून मशीनवर करून घेतली. "टाकं उसवत्यात," बिरदेव सांगायचा, आणि तिला त्यात काडीचाही आनंद व्हायचा नाही. वेबसाइटवरचा फोटो गेला, तरी इंटरनेटवर कुणाकुणाच्या पानांवर तो 'सात पिढ्या' लावून अजून फिरत होता. तो दिसला की तिचा दिवस नासायचा.

अठरातल्या तिघांनी उत्तरं दिली. ती प्रांजलनं आप्पांना पाठवून दिली. एकानं नुसतं 'कळलं' म्हटलं. दुसऱ्यानं सुरी परत पाठवायची भाषा केली, ती आप्पांना आवडली नाही. तिसरी फिनलंडमधली एक बाई होती, जंगलखात्यात नोकरीला. तिनं लिहिलं होतं की म्यान रोज कमरेला असतं, बर्फात भिजतं, आणि अजून एक टाका हललेला नाही. तिच्या दोन मैत्रिणींच्या सुऱ्यांना म्यानं हवी होती. सुऱ्यांची मापं कागदावर काढून पाठवली तर जमेल का, आणि या वेळी चामड्यावर शिवणारीचं नाव उमटवाल का, असं तिनं विचारलं होतं.

प्रियंका ते पत्र घेऊन स्टँडवर गेली. ज्योतिबाकाका एका चपलेचा अंगठा शिवत होते. तिनं मराठीत करून वाचून दाखवलं. आप्पांनी पत्रात त्यांचं नाव लिहिलं होतं, हेही सांगितलं.

काकांनी दोरा दातानं तोडला. "सुरी हातात नसताना म्यान बसवायचं?" ते म्हणाले. "लाकडाची सुरी करून घे की सुताराकडनं मापावर. तिच्यावर दाब चामडं." आणि मग जरा थांबून, "नाव कसलं लिवलंय माझं? नुस्तं ज्योतिबा? आडनाव लिवायला सांग सरांस्नी."