डंडीचा पूल आणि अ‍ॅग्नेसच्या बांगड्या

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. अक्रोडाच्या लाकडाची, दोन भिंगांची, हातात मावेल एवढी. पुठ्ठ्यावर शेजारीशेजारी चिकटवलेली दोन सारखी छायाचित्रं माझ्यात सरकवायची आणि भिंगांना डोळे लावायचे. मग दोन्ही चित्रं एक होतात आणि सपाट पुठ्ठ्यावरचं झाड असं समोर उभं राहतं, की बघणारा हात पुढे करतो. ठाण्याच्या खाडीकाठच्या वाडीत सगळे मला दुर्बीण म्हणत. मी दुर्बीण नव्हे, हे सांगायला मला तोंड नव्हतं. त्यातून जे घडलं ते ऐका.

माझा जन्म स्कॉटलंडातल्या डंडी शहरात, टे नदीच्या काठी झाला. तिथून मला कल्याणला मागवून घेतलं ते रेल्वेतल्या एका इंजिनियर साहेबाने. तो मूळचा डंडीचाच. माझ्याबरोबर त्याच्या गावची बारा चित्रं होती. नदीच्या मुखावरचा किल्ला, जुन्या चर्चचा मनोरा, राणी आली म्हणून उभारलेली दगडी कमान, शहरामागची टेकडी, अशी एकेक. बारावं चित्र नदीवरच्या नव्या रेल्वेपुलाचं होतं. जवळजवळ दोन मैल लांब पूल! लोक म्हणे तो बघायला लांबलांबून येत. साहेब तर बंगल्यावर आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी तो पूल पाजायचा. मीही तोऱ्यात असे. ज्याला त्याला मी हवी असे ना!

या साहेबाचा खानसामा होता कॉस्मास, ठाण्याच्या वाडीतला. १८७९ च्या ऑक्टोबरात साहेब रजेवर मायदेशी निघाला आणि कॉस्मासला बरोबर घेऊन गेला. कॉस्मासच्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. बायको अ‍ॅग्नेस डोळ्यांना पदर लावून बसली, तेव्हा साहेबाला काय वाटलं कोण जाणे, त्याने चित्रांसकट मला तिच्या हाती दिलं. कॉस्मास तिला म्हणाला, "माजी याद आली का यात बग. मी तितंच असणार."

हे बोलणं त्याने प्रेमाने केलं. पण वाडीने ते शब्दशः घेतलं.

दर रविवारी चर्चमधली मिसा आटोपली की बायाबापड्या कॉस्मासच्या ओटीवर जमत. किल्ला, मनोरा, कमान भराभर उरकून सगळ्यांना पूल हवा असे, कारण त्या चित्रात पुलावर आगगाडी होती आणि तिच्या एका खिडकीत काळा ठिपका होता. अ‍ॅग्नेसने पहिल्याच रविवारी तो शोधला. "ह्यो बगा माजा कॉस्मास! गोऱ्या लोकांत कसा वेगला दिसतो!" मग काय, सगळ्यांना तो दिसायला लागला. कॉस्मासची आई जॉर्जिना भिंगांना डोळे लावून म्हणाली, "पोरगा सुकलाय गं." पुढच्या रविवारी तिला तो जरा भरलेला दिसला. मित्रांनो, ठिपका तोच होता हो! पण मला गंमत वाटत होती, आणि खरं सांगते, एवढी माणसं माझ्याभोवती जमतात याचा मला गर्वही झाला होता.

नाताळ गोडीगुलाबीत पार पडला. डिसेंबरच्या तीस तारखेला दुपारी कॉस्मासचा धाकटा भाऊ रुडॉल्फ ठाणे स्टेशनातून धावत घरी आला. तो तिथे हमाल होता. धापा टाकत तो म्हणाला, "वयनी, पूल पडला! डंडीचा पूल! मुंबईला तार आलेय. रविवारी सांजचं वादल झालं, गाडी पुलावर असताना मधला पूल नदीत गेला. गाडीतला एकबी मानूस वाचला नाय!"

मी तेव्हा फळीवर होते. माझ्या पोटात तर तो पूल होता!

जॉर्जिनाने मला ओढून काढलं आणि भिंगांना डोळे लावले. माझ्यात पूल धडधाकट उभा होता. गाडी उभी होती, खिडकीत ठिपका होता. ती किंचाळली, "गाडीतच हाय तो! दर आयतवारी बगितलाय मी त्याला!"

"आय, थांबा," अ‍ॅग्नेस कशीबशी म्हणाली, "त्याचं पत्र येऊ द्या."

"पत्र आता कोण लिवील गं पोरी?"

आणि तिने अ‍ॅग्नेसचे दोन्ही हात धरले. नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडायच्या ही रीत वाडीने बाप्तिस्मा घेतल्यावरही सोडली नव्हती. ओटीच्या पायरीवर हिरव्या काचांचा खच पडला. अ‍ॅग्नेसच्या मनगटातून रक्त आलं, पण ती रडलीसुद्धा नाही. ती माझ्याकडे बघत होती. अशी नजर माझ्यावर कुणी कधी टाकू नये.

तिसऱ्या दिवशी स्टेशनातले तारमास्तर त्र्यंबकराव समाचाराला आले. शिकलेला माणूस. खिडकीतल्या ठिपक्याची हकिगत ऐकून त्यांनी मला उचललं, चित्र बाहेर काढलं आणि सहज उलटून पाहिलं. पुठ्ठ्याच्या मागे इंग्रजीत काही छापलं होतं. वाडीत ते आजवर कुणी वाचलं नव्हतं. त्र्यंबकरावांनी ते दोनदा वाचलं.

"कॉस्मास इथून कधी गेला म्हणालात?"

"ऑक्टोबरात," रुडॉल्फ म्हणाला.

"अहो, मग तो यात कसा असेल? हे चित्र अठराशे अठ्ठ्याहत्तरचं आहे! तेव्हा तुमचा कॉस्मास कल्याणला साहेबाची कोंबडी शिजवत होता!"

जॉर्जिना आपल्याच हातांकडे बघत राहिली.

म्हणजे तो जिवंत होता? तसंही नव्हे. चित्रात नव्हता, एवढंच कळलं होतं. खऱ्या गाडीत होता की नव्हता, हे कोण सांगणार? साहेबाचा पत्ता वाडीत कुणाकडे नव्हता. त्र्यंबकरावांनी कल्याणच्या कचेरीत विचारलं, तर साहेब रजेवर आहे एवढंच उत्तर आलं. बोटीचं टपाल यायला तीन-चार आठवडे लागत. तितके दिवस अ‍ॅग्नेस मोकळ्या हातांनी भाकऱ्या थापत होती, आणि शेजारणींना तिच्याशी काय बोलावं ते कळत नव्हतं.

जानेवारीच्या अखेरीस साहेबाच्या हातचं पत्र आलं. पाद्रीबाबांनी ते ओटीवर वाचलं. कॉस्मास खुशाल होता! साहेबाच्या घरात रविवार देवाचा म्हणून त्या दिवशी आगगाडीत बसायचं नाही, चूलसुद्धा पेटवायची नाही, असा कडक नेम होता. थंड मांस खायला लागलं म्हणून कॉस्मास दिवसभर कुरकुरत होता. संध्याकाळी त्याने खिडकीतून दिव्यांची रांग पुलावर जाताना पाहिली, आणि मग सगळे दिवे एकदम विझले. तेव्हापासून तो नदीकडे बघत नव्हता.

अ‍ॅग्नेस हसली आणि हसता हसता मटकन खाली बसली. मला मात्र त्या विझलेल्या दिव्यांचा धक्का बसला. ज्या पुलाचा मी एवढा तोरा मिरवला, त्याने गाडीभर माणसं नेली होती.

कॉस्मास ईस्टरला परतला. पण फुटलेल्या बांगड्यांचं काय? वाडीतल्या बाया म्हणू लागल्या, एकदा फुटल्या त्या फुटल्या, लग्न लागल्याशिवाय पुन्हा भरता येत नाहीत. पाद्रीबाबा म्हणाले, लागलेलं लग्न पुन्हा लावता येत नाही. नवरा जेवायला शेजारी बसलेला, आणि बायकोचे हात रिकामे!

मे महिन्यात रुडॉल्फचं लग्न निघालं. आदल्या दिवशी सवाष्णींनी वाजतगाजत विहिरीवरून नवरदेवाच्या आंघोळीचं पाणी आणायचं असतं, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. अ‍ॅग्नेस थोरली सून, पण ती दाराआड उभी राहिली. जॉर्जिना आत गेली आणि तिला हाताला धरून अंगणात घेऊन आली. वाजंत्री थांबली. म्हातारीने कनवटीची हिरव्या बांगड्यांची पुरचुंडी सोडली आणि सर्वांदेखत एकेक बांगडी सुनेच्या हातात चढवली.

"हिचा दादला देवानं नेला नव्हता," ती म्हणाली. "बांगड्या मी फोडल्या. चूक माजी हाय, हिची नाय. जिला हिच्या हातचं पानी चालत नसंल, तिनं माज्या दारात येऊ नये."

एकही बाई मागे फिरली नाही. घागर अ‍ॅग्नेसच्याच डोक्यावर चढली.

मित्रांनो, आता माझ्या भिंगांवर बुरशी आली आहे. मला उन्हात ठेवू नका, ओल्या हाताने पुसू नका, एवढी काळजी घ्या. आणि माझ्यात जे दिसतं ते होऊन गेलेलं असतं, हे विसरू नका. कुणाच्या बांगड्यांना हात घालण्याआधी चित्र एकदा उलटून बघा.