सायकल टेम्पोत चढली

मनालीच्या पायाखाली पेडल गरगर फिरत होतं आणि सायकल जागची हलत नव्हती. फ्रीव्हील गेलं होतं. सन अठ्ठ्याण्णवात शाहूपुरीतून एकटी कन्याकुमारीला निघालेली ही बाई पहिल्याच दिवशी गारगोटीच्या अलीकडे रस्त्यात उभी! निघताना मामा सगळ्यांदेखत हसले होते, "कुठंतरी टेम्पोत बसून येशील बघ." ते हसू तिच्या डोक्यात गेलं होतं. सायकलवरचा रस्ता हातभरसुद्धा तुटू द्यायचा नाही, अशी शपथ घेऊनच ती निघाली होती.

ती सायकल ढकलत पुढच्या घरापाशी आली. बायडाबाई आणि त्यांचे मालक सयाजी लगबगीने बाहेर आले. मनालीने मामांचं बोलणं, शपथ, सायकल नेमकी कुठे बंद पडली, सगळं सांगितलं. "कोण त्यो मामा? आणा हिकडं त्याला!" म्हणत बायडाबाईंनी तिला हाताला धरून आत नेलं. ती हातपाय धुते तोवर बाहेर हॉर्न वाजला. बघते तर दुधाच्या टेम्पोत, कॅनांच्या मधोमध, तिची सायकल आणि शेजारी सयाजी! टेम्पो निघूनही गेला.

"कुणाला विचारून नेली?" मनाली कडाडली.

"दुरुस्तीला न्हेली गारगोटीला," बायडाबाई म्हणाल्या. "तुमी कुठं टेम्पोत बसलासा? सायकल बसली की!"

मनालीचं टाळकंच सरकलं. आता हे लोक तिलाही कशात तरी कोंबून गारगोटीला नेणार, मधला रस्ता बुडणार आणि मामा जन्मभर दात काढणार. विचारायची रीत नाही का? उपकार करायचे तेही दरोडा घातल्यासारखे! हे सगळं तिने बायडाबाईंच्या तोंडावर सुनावलं आणि चालत जाऊन सायकल आणते म्हणून उठली.

बायडाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "उपाशी पावणं आमच्या दारातनं जात न्हाय."

म्हणजे वर कैदसुद्धा! मनालीने ताट सरकवलं आणि ओट्यावर फुरंगटून बसली. बायडाबाईंनी ताट झाकून ठेवलं.

उन्हं कलल्यावर सयाजी दिसले. सायकल हाताने धरून चालत येत होते, सदरा घामाने चिंब झालेला. घरापाशी न थांबता ते तसेच, मनाली जिकडून आली होती त्या बाजूला गेले. मनाली तणतणत मागे धावली. रस्त्याकडेच्या एका दगडापाशी त्यांनी सायकल उभी केली.

"हितं बंद पडलती. तुमी सांगितल्या जागंला दगूड ठिवूनच गेलतो. हितनंच सुरू करा, मामाला बोलाय जागा न्हाय."

"पण सायकलवर बसून का नाही आलात?"

"तुमची शपथ हाय तिच्यावर. मी कसा बसू?"

मनालीला दरोडा हा शब्द आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जेवलासा न्हवं?" सयाजींनी विचारलं. तिने मान खाली घातली. आता कडाडायची पाळी त्यांची होती. "न्हाय? माझ्या घरात पावणं दिसभर उपाशी? चला, आदी जेवा!"

ती दगडापासून घरापर्यंत सायकलवर आली. मागून सयाजींची बडबड चालूच होती. आत एक नाही, दोन ताटं झाकलेली होती. पाव्हण्याआधी बायडाबाईही जेवल्या नव्हत्या.